अमेरिकेतील राज्यशास्त्राची पीएचडी: प्रवेशप्रक्रियेचे परीक्षण

अमेरिकी विद्यापीठांच्या राज्यशास्त्र विभागांतील पीएचडीची प्रवेशप्रक्रिया ही अर्जदाराने पैसे मोजून घेतलेली सेवा आहे. त्यामुळे ती काय देते, काय घेते आणि कोणाला परवडते, या कसोट्या तिलाही लावायला हव्यात. पदव्युत्तर वर्गांना राज्यशास्त्र शिकवत असल्यामुळे दर हिवाळ्यात काही विद्यार्थ्यांचे अर्ज माझ्या हाताखालून जातात. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, अर्जदाराच्या मनातील प्रश्न ऐकून घेण्यात ही प्रक्रिया आपल्याकडच्या प्रवेशपरीक्षांपेक्षा सरस आहे. मात्र तिचे कितीतरी नियम कोठेही लिहिलेले नसतात आणि त्याचा फटका मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला सर्वाधिक बसतो.

प्रथम व्यवहार पाहू. चांगल्या विभागात प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला साधारणतः पाच वर्षांसाठी शिक्षणशुल्काची माफी, विद्यावेतन आणि आरोग्यविमा मिळतो, आणि त्याबदल्यात काही सत्रे अध्यापन-सहायक म्हणून काम करावे लागते. स्वतंत्र एमए अभ्यासक्रमांना असे अर्थसाहाय्य क्वचितच मिळते, त्यामुळे आधी कर्ज काढून तेथे एमए आणि मग पीएचडी असा विचार करणाऱ्या पालकांनी हा फरक समजून घ्यावा. पीएचडीसाठी एमएची अट बहुतेक विभागांत नसते. आपल्या तीन वर्षांच्या बीएवर मात्र काही विद्यापीठे आक्षेप घेतात आणि सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. अर्जाचे शुल्क बहुतेक ठिकाणी ७५ ते १२५ डॉलरच्या दरम्यान असते. सात-आठ विद्यापीठे निवडली, जीआरई (पदव्युत्तर प्रवेशासाठीची क्षमता चाचणी) आणि टोफेल (इंग्रजीची परीक्षा) दिली, तर खर्च सहज लाखाच्या घरात जातो, आणि अर्ज नाकारला गेल्यास त्यातला एक रुपयाही परत मिळत नाही. शुल्कमाफीची सोय पुष्कळ ठिकाणी असते, पण ती अनेकदा अमेरिकी नागरिकांपुरती मर्यादित ठेवलेली असते. आर्थिक अडचणीच्या कारणावरून परदेशी अर्जदारालाही माफी देणारी विद्यापीठे आहेत. ती आधी शोधावीत आणि माफीची विनंती अंतिम तारखेच्या पुष्कळ आधी पाठवावी.

प्रक्रियेचा गाभा आहे तो एसओपी, म्हणजे साधारण दोन पानांचे निवेदन. आपल्याकडे २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर पीएचडीचे प्रवेश होऊ लागले असून, जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) मिळवणाऱ्यांखेरीज इतर पात्रताधारकांसाठी त्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन दिले जाते. दीडशे बहुपर्यायी प्रश्नांतून कोणाला कोणत्या समित्यांची नावे पाठ आहेत हे कळते, पण कोणाला काय शोधायचे आहे हे कळत नाही. अमेरिकी विभागात प्राध्यापकांची समिती ते निवेदन वाचते आणि त्यात एकच गोष्ट शोधते: या व्यक्तीला कोडे दिसते का? ब्रिटनमध्ये आधी मार्गदर्शक ठरवून संपूर्ण संशोधन आराखडा सादर करतात, तसा तो अमेरिकेत करायचा नसतो, कारण पहिली दोन वर्षे अभ्यासक्रमांतच जातात आणि विषय बदलण्याची मुभा असते.

कोडे आणि विषय यांतला फरक आमच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगताना मी मुंबई महापालिकेचे उदाहरण देतो. ‘मला महिला आरक्षणाचा अभ्यास करायचा आहे’ हा विषय झाला. प्रभागातले आरक्षण पुढच्या निवडणुकीत उठते, तेव्हा तेथून पुन्हा स्त्री निवडून येते का, हे कोडे झाले. राज्यशास्त्रज्ञ रिखिल भावनानी यांनी मुंबईच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुकांची सांगड घालून नेमका हाच प्रश्न विचारला. आरक्षित प्रभाग चिठ्ठ्या टाकून ठरत असल्यामुळे एरवी प्रयोगशाळेत करावी लागणारी तुलना येथे आपोआप उपलब्ध झाली होती. आधी आरक्षित असलेल्या प्रभागात नंतर स्त्री निवडून येण्याची शक्यता इतर प्रभागांच्या सुमारे पाचपट आढळली, आणि हा निबंध २००९ मध्ये अमेरिकेतील राज्यशास्त्राच्या सर्वांत प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला. आपल्या दारातली माहिती किती मोलाची ठरू शकते, हे यावरून लक्षात यावे. साखर कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूक लहानपणापासून पाहिलेल्या मुलाकडे अशी कोडी डझनाने असतात; ती कोडी म्हणून मांडायला त्याला कोणी शिकवलेले नसते, आणि ही शिकवण अर्जाच्या सूचनांत कोठेही सापडत नाही.

रायटिंग सॅम्पल, म्हणजे स्वतःच्या लेखनाचा नमुना, हा माझ्या मते या सेवेतील सर्वांत प्रामाणिक भाग आहे, आणि तोच आपल्यासाठी सर्वांत अवघडही आहे. पंधरा ते तीस पानांचा, एकट्याने लिहिलेला, पुरावे आणि युक्तिवाद असलेला निबंध द्यावा लागतो. महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत राज्यशास्त्राची एमए मराठीतून देता येते, आणि क्षेत्रकार्यावर आधारलेले उत्तम प्रबंधही मराठीत लिहिले जातात. समितीला मात्र इंग्रजी मजकूर हवा असतो. येथे विद्यार्थी दोन चुकीच्या वाटांपैकी एक धरतात: प्रबंधाचे जसेच्या तसे इंग्रजी भाषांतर करतात, नाहीतर तो बाजूला ठेवून लोकशाहीच्या सिद्धांतांवर गुळगुळीत इंग्रजीत काहीतरी सामान्य लिहून काढतात. माझा आग्रह असा असतो की प्रबंधातले एकच प्रकरण घ्यावे, गावपातळीवरचा पुरावा पूर्ण ठेवावा, सुरुवातीच्या दोन पानांत प्रश्न आणि उत्तर सांगून टाकावे, आणि हे काम जूनमध्येच सुरू करावे. भाषा साधी असली तरी चालते. युक्तिवाद स्वतःचा आहे हे दिसले पाहिजे. मराठीतील स्रोत वाचता येणे ही तर स्वतंत्र ताकद आहे आणि ती एसओपीत स्पष्ट नोंदवावी.

शिफारसपत्रांची व्यवस्था मला सर्वांत अन्यायकारक वाटते. तीन पत्रे लागतात आणि ते भरण्यासाठी प्रत्येक विद्यापीठ प्राध्यापकाला स्वतंत्र दुवा पाठवते. अमेरिकी प्राध्यापक अशा पत्रात विद्यार्थ्याने वर्गात उपस्थित केलेल्या एखाद्या आक्षेपापर्यंत तपशील देतात. आपल्याकडे ‘विद्यार्थी मेहनती व शिस्तप्रिय आहे’ या चार ओळींच्या चारित्र्य प्रमाणपत्रालाच शिफारस समजण्याची रीत आहे. काही प्राध्यापक तर विद्यार्थ्यालाच मसुदा लिहून आणायला सांगतात, जे सर्वस्वी अयोग्य आहे आणि वाचणाऱ्याच्या ध्यानात येते. माझ्या सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पत्र स्वतः लिहावे, विद्यार्थ्याच्या प्रबंधातील एक निष्कर्ष त्यात चर्चेला घ्यावा आणि वर्गात त्याचा क्रमांक कितवा होता ते सांगावे. आपल्या विद्यापीठात ६२ टक्के म्हणजे नेमके काय, हे समितीला पत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकाखेरीज दुसरे कोणी सांगू शकत नाही. विद्यार्थ्याने स्वतः टक्क्यांचे जीपीएमध्ये, म्हणजे अमेरिकी श्रेणी-सरासरीत, रूपांतर करू नये. गुण जसे आहेत तसे भरावेत.

जीआरईविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा दोन तासांच्या आत संपते, पहिल्या चार विद्यापीठांना गुण विनामूल्य पाठवता येतात आणि निकाल पाच वर्षे चालतो. अनेक विभागांनी ती ऐच्छिक केली आहे किंवा बंद केली आहे. तरीही संख्याशास्त्राचा एकही अभ्यासक्रम न केलेल्या अर्जदाराने या परीक्षेच्या गणिती भागात चांगले गुण मिळवून दाखवणे उपयोगाचे ठरते, कारण तुलनात्मक राजकारण असो वा आंतरराष्ट्रीय संबंध, पहिल्याच वर्षी संख्यात्मक पद्धतींशी गाठ पडते. राजकीय सिद्धांत निवडणाऱ्यांना हा दबाव कमी जाणवतो.

बहुतेक ठिकाणी अंतिम तारीख डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते आणि निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतात. नकाराचे कारण कळवले जात नाही, आणि इतके शुल्क घेणाऱ्या व्यवस्थेकडून दोन ओळींच्या अभिप्रायाची अपेक्षा करणे मुळीच गैर नाही. होकार आल्यानंतरची वागणूक मात्र सभ्य असते: १५ एप्रिलपर्यंत विचार करण्याची मुदत बहुतेक विद्यापीठांनी परस्पर संमतीने मान्य केलेली आहे, त्याआधी कोणी उत्तरासाठी घाई करत असेल तर या मुदतीकडे नम्रपणे लक्ष वेधता येते.

सध्या आणखी एक सावधगिरी आवश्यक झाली आहे. २०२५ मध्ये हार्वर्ड आणि शिकागो यांसारख्या संपन्न विद्यापीठांनीही समाजविज्ञानांतील काही पीएचडी प्रवेश कमी केले किंवा स्थगित ठेवले. जुन्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचून केलेली विद्यापीठांची यादी त्यामुळे कालबाह्य ठरू शकते. शुल्क भरण्यापूर्वी त्या वर्षी आपल्या उपशाखेत प्रवेश होणार आहेत का, आणि ज्या प्राध्यापकांची नावे एसओपीत लिहिली आहेत ते नवे विद्यार्थी घेत आहेत का, हे विभागाच्या कार्यालयाला ई-मेल करून विचारून घ्यावे; उत्तर साधारण आठवड्याभरात येते आणि त्यासाठी कोणतेही शुल्क लागत नाही.