शेवाळाच्या बायोडिझेलपायी गेलेले 5,83,500 रुपये

सूक्ष्म शेवाळ वाढवा, आम्ही माल परत घेतो, त्याचं बायोडिझेल आणि पशुखाद्य करतो, असं सांगून काही माणसांनी माझे 5,83,500 रुपये लुबाडले. बायबॅकच्या योजना कशा असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी लिहितोय ते त्यांच्या विजेशिवाय चालणाऱ्या गाळणी यंत्राबद्दल, कारण सगळा सौदा त्यावरच झाला.

प्रात्यक्षिकात हिरवं पाणी कापडावर ओतलं, वर दाट लगदा राहिला. तिथेच कळायला हवं होतं, आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. ती स्पिरुलिना जातीची शेवाळ होती! तिचे लांब पीळदार तंतू बारीक कापडावर अडकतात. मला दिली क्लोरेला, ही दुसरीच जात. तिच्या पेशी 2 ते 10 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कापडातून सरळ आरपार. वर ऋण भारामुळे त्या एकमेकींना ढकलतात, तळाशी लवकर बसतही नाहीत. पण दोन्ही पाणी हिरवंच, सूक्ष्मदर्शकाशिवाय कुणाला ओळखू येणार? मी विचारलंही होतं. "हीच जात देणार," असं तोंडावर सांगितलं.

यंत्र आणि टाकीचे 4,85,000, कल्चर (शेवाळाचं बियाणं) आणि प्रशिक्षणाचे 60,000. हाती काहीच लागेना म्हणून तक्रार केली, तर 38,500 ची 'सेंद्रिय' पावडर गळ्यात मारली. शेवाळ खाली बसलं खरं, पण तपासणीत ती पावडर तुरटी निघाली. आणि मग मालात ॲल्युमिनियम आहे, खाद्याला चालत नाही, म्हणून त्यांनीच माल नाकारला!

प्रात्यक्षिक तुमच्याच टाकीच्या पाण्यावर मागा. 10,000 लिटरमधून रोज 100 किलो सुकं शेवाळ, असा त्यांचा छापील दावा होता. उघड्या टाकीत लिटरमागे साधारण अर्धा ग्रॅमच असतं, म्हणजे अख्खी टाकी उपसली तरी 5 किलो. सेंट्रिफ्यूजने, म्हणजे गरगर फिरवून पाणी वेगळं करणाऱ्या यंत्राने, ते निघतं, पण वीज इतकी जाते की इंधनाचा हिशेब बसत नाही. करारात 'सुकं वजन' लिहिलेलं नसेल तर सही करू नका, ओल्या लगद्यात बहुतेक पाणीच असतं.

पोलीस म्हणाले, यंत्र चालतं ना, मग फसवणूक कसली, दिवाणी दाव्यात जा. ग्राहक तक्रारीला गेलो तर ही धंद्यासाठीची खरेदी, आमच्या कक्षेत नाही. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. वरिष्ठांना अर्ज केला, तो फिरून त्याच ठाण्यात, त्याच टेबलावर! तुरटीचा अहवाल पुढे ठेवला, तो उघडूनसुद्धा पाहिला नाही. मग लेखी पुरावे जपून ठेवायचे ते कुणासाठी?

तीच माणसं आता नाव बदलून पुन्हा आगाऊ रक्कम घेतायत. तुम्ही दिली असेल तर उरलेले हप्ते आजच थांबवा आणि बँकेत लेखी तक्रार करून पोच घ्या.