फ्लॉरेन्स पायी बघायचंय: दुओमोची बाजू की नदीपलीकडची?

रोमहून फास्ट ट्रेनने साधारण दीड तासात फ्लॉरेन्स येतं, त्यामुळे इटलीच्या ट्रिपमध्ये बरेच जण त्याला एकच दिवस देतात. मग प्रश्न येतो की एका दिवसात पायी नेमकं कुठे फिरायचं, आणि उत्तर म्हणून हातात पडते ती पंधरा-वीस नावांची यादी. ती संपवायला गेलात तर पाय दुखतात आणि डोक्यात काहीच राहत नाही. त्यापेक्षा गावाचे सरळ दोन भाग करा. मधून आर्नो नदी वाहते, तिच्या उत्तरेला दुओमो (गावाचं मुख्य कॅथेड्रल), सिन्योरिया चौक, उफ्फिझी (चित्रांचं म्युझियम), म्हणजे फोटोत बघितलेलं सगळं, आणि दक्षिणेला ओल्त्रार्नो, जिथे कारागिरांची वर्कशॉप्स, दोन-तीन जबरदस्त चर्चेस आणि वर टेकडी आहे. दिवस एकच असेल तर एक बाजू नीट बघा, दुसरी जमली तर जमली.

माझं मत आधीच सांगते. सकाळी आठच्या आत गावात असणार असाल तर उत्तरेची बाजू घ्या, आणि दुपारी पोचणार असाल तर बिनधास्त नदी ओलांडा. सकाळी साडेआठचा दुओमोचा चौक आणि अकराचा चौक यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, अकरानंतर तिथे ग्रुप्सची छत्र्या-झेंडेवाली गर्दी सुरू होते आणि तुम्ही वर बघायचं सोडून समोरच्याचा धक्का चुकवत राहता. दक्षिणेचं उलटं आहे, तिथे दुपारी बरंच काही बंद असतं पण चारनंतर तो भाग खुलत जातो आणि सूर्यास्ताला टेकडीवर असाल तर मग काही बोलायलाच नको.

आता उत्तरेची वाट. सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवरून दुओमो चालत दहा मिनिटं. कॅथेड्रलचं काम १२९६ मध्ये सुरू झालं, पण वरचा घुमट बांधायचा कसा हेच कुणाला माहीत नव्हतं, शंभरहून जास्त वर्षं गेली तरी मधली जागा उघडीच होती. आतला व्यास जवळजवळ ४५ मीटर, एवढ्या रुंदीला खालून लाकडी आधार द्यायचा म्हटलं तर तेवढं लाकूड आणणार कुठून! ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकाराने १४२० ते १४३६ मध्ये तो खालून आधार न देताच उभा केला, आत एक आणि बाहेर एक असे दोन घुमट, आणि विटा सरळ थरात न लावता मधेमधे उभ्या विटांच्या तिरक्या ओळी, म्हणजे ओला थर आतल्या बाजूला घसरत नाही. हे ऐकून मग वर चढलात तर ४६३ पायऱ्यांचा त्रास वाटत नाही, कारण तुम्ही त्या दोन घुमटांच्या मधूनच वर जात असता, एका बाजूला आतली भिंत वाकत येते आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची. लिफ्ट नाही, अरुंद आहे, मधे मागे फिरता येत नाही, गुडघे किंवा श्वासाचा त्रास असेल तर नको. घुमटासाठी वेळ ठरवून आधी तिकीट काढावंच लागतं. कॅथेड्रलमध्ये नुसतं आत जायला पैसे पडत नाहीत, लाइन मात्र मोठी असते आणि आत सजावट तशी साधी आहे, म्हणून लाइन लांब दिसली तर सोडून द्या, बाहेरून जास्त मजा आहे. शेजारच्या बाप्तिस्तेरोचे (बाप्तिस्मा द्यायच्या इमारतीचे) शिल्पकार गिबर्तीने केलेले सोनेरी दरवाजे जे तुम्ही बघता ती कॉपी आहे, खरे मागच्या दुओमो म्युझियममध्ये आहेत.

तिथून सरळ खाली सिन्योरिया चौक. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा पुतळा इथेही उभा दिसतो, पण खरा १८७३ पासून अकादेमिया म्युझियममध्ये आहे. आता ज्यांना डेव्हिड बघायचाच आहे त्यांनी आधी बुकिंग करून अकादेमिया सकाळी पहिली उरकावी, ती दुओमोच्या उत्तरेला आहे आणि सोमवारी बंद असते. उफ्फिझीही सोमवारी बंद. पण एक सांगू का, चालायचा दिवस असेल तर उफ्फिझी त्यात कोंबू नका, तिला निदान तीन तास लागतात आणि बाहेर आल्यावर चालायची इच्छाच राहत नाही. त्याऐवजी चौकातल्याच लॉज्या देई लान्झीत बसा, ती उघडी कमानीची जागा आहे, तिकीट नाही, आणि तिथे चेलिनीचा पर्सियस आणि जाम्बोलोन्याचे एकमेकांत पिळलेले तीन संगमरवरी देह हे दोन्ही खरे पुतळे आहेत, कॉपी नाही. जाम्बोलोन्याच्या पुतळ्याला पूर्ण फेरी मारा, समोरून बघायचा पुतळाच नाही तो, प्रत्येक पावलाला चेहरा बदलतो.

चौकात नेपच्यूनच्या कारंज्यासमोर जमिनीत एक गोल दगडी तबकडी बसवलेली आहे, लोक तिच्यावरून खुशाल चालत जातात. सावोनारोला नावाच्या साधूला २३ मे १४९८ ला इथे फाशी देऊन जाळलं. त्याच्या आदल्या वर्षी ह्याच साधूने ह्याच चौकात लोकांचे आरसे, दागिने, चित्रं, पुस्तकं यांची होळी केली होती. हा भाग मुलांना जरूर सांगा, मुलं गप्प होऊन ऐकतात.

पुढे पोन्ते वेक्यो. आत्ताचा पूल १३४५ चा, आधीचा १३३३ च्या पुरात वाहून गेला. वर खाटकांची दुकानं होती, ती १५९३ मध्ये तेव्हा इथे राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या ड्यूकने हटवली आणि सोनारांना जागा दिली, कारण वरून त्याच्या घराण्याचा खासगी रस्ता जायचा आणि वास सहन होत नव्हता. सोनार आजही तिथेच आहेत. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने फ्लॉरेन्सचे बाकीचे सगळे पूल उडवले, हा एक ठेवला. पुलावर मात्र कायम इतकी गर्दी की नदी धड दिसत नाही, म्हणून पूल बघायचा तर पश्चिमेकडच्या पुढच्या पुलावर, सान्ता त्रिनितावर जा.

आणि ह्या सान्ता त्रिनिताबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते कारण यादीत तो सहसा नसतो. तोही १९४४ मध्ये उडवला होता. गावाने नदीत पडलेले दगड गोळा करून १९५८ पर्यंत तो जसाच्या तसा परत बांधला, चार ऋतूंचे चार पुतळे टोकांना लावले, पण वसंत ऋतूचं डोकं सापडेना. ते १९६१ मध्ये नदीच्या गाळात मिळालं आणि परत बसवलं, गळ्यापाशी नीट बघितलंत तर जोड दिसतो.

आता दक्षिण. पोन्ते वेक्यो उतरल्या उतरल्या डावीकडे एक छोटा चौक आहे, त्यात सान्ता फेलिचिता चर्च, बाहेरून कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. आत शिरताच उजवीकडे पोन्तोर्मोचं क्रूसावरून उतरवलेल्या येशूचं चित्र, फिकट गुलाबी आणि निळ्या रंगांचं, सगळे जण जमिनीवर पाय न टेकता तरंगल्यासारखे. मग पित्ती पॅलेस, तो आणि मागची बोबोली बाग एका दिवसात नको, बाहेरून बघून पुढे चला. सान्तो स्पिरितोचा चौक हा ह्या बाजूचा खरा मुक्काम, झाडं आहेत, बसायला जागा आहे, गावातले लोक मुलं घेऊन येतात. चर्चचा दर्शनी भाग अगदी कोरा, नुसती पिवळट भिंत, आत ब्रुनेलेस्कीचे करड्या दगडाचे खांब, आणि तरुण वयातल्या मायकेलअँजेलोने कोरलेला लाकडी येशू. बुधवारी हे चर्च पर्यटकांसाठी बंद असतं.

पाच-सात मिनिटांवर कार्मिने चर्चमधलं ब्रान्काच्ची चॅपल. सगळ्या दक्षिण बाजूत एकच तिकीट काढणार असाल तर हे काढा, मंगळवार सोडून, आणि आधी बुक करा कारण मोजकीच माणसं आत सोडतात. मसाच्योने यातली बरीच भित्तिचित्रं १४२० च्या दशकात काढली आणि तिशी गाठायच्या आत गेला. डाव्या बाजूला वर, अगदी अरुंद पट्टीत, स्वर्गातून हाकललेले आदम आणि ईव्ह आहेत. आदमने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलंय, पोट रडून आत ओढलं गेलंय, ईव्हचं तोंड उघडं आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन काळ्या खाचा, बस. त्याच्या आधीच्या चित्रांतली माणसं बघून आलेलं असाल तर इथे एकदम कळतं की काहीतरी बदललं. पुढे मायकेलअँजेलो पोरवयात ही चित्रं बघून हात बसवायला इथे यायचा, आणि दुसऱ्या एका शिकाऊ पोराने भांडणात त्याचं नाक मोडलं ते आयुष्यभर वाकडंच राहिलं. १७७१ मध्ये चर्चला आग लागली, बरंच जळलं, चॅपल वाचलं.

मग टेकडी. प्यात्साले मायकेलअँजेलो म्हणजे व्ह्यू पॉइंट, १८६९ चा, तेव्हा फ्लॉरेन्स काही वर्षं इटलीची राजधानी होतं. चढ खरोखर आहे, उन्हाळ्यात दमवतो, ज्येष्ठ मंडळी असतील तर १२ किंवा १३ नंबरची बस वर जाते. पण तिथे थांबू नका, अजून थोडं वर सान मिनियातो चर्च आहे, पांढऱ्या-हिरव्या संगमरवराचं, अकराव्या शतकात सुरू झालेलं, आत जमिनीवर १२०७ सालचं राशीचक्र. खाली व्ह्यू पॉइंटला गिटारवाले, बाटल्या, सेल्फी, आणि वर पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर तेच गाव तुम्हाला शांतपणे बघता येतं. तिकीट नाही. दोन्हीत निवडायचं झालं तर मी सान मिनियातोच म्हणेन.

खाण्याच्या बाबतीत दक्षिण सरळ जिंकते, दुओमोभोवती फोटोवाले मेन्यू लावलेली हॉटेल्स टाळलेली बरी. शाकाहारी असाल तर रिबोल्लिता (शिळा पाव, राजमासारखे पांढरे दाणे आणि पालेभाजीचं घट्ट सूप) किंवा पाप्पा अल पोमोदोरो (पाव आणि टोमॅटोचं घट्ट सूप) मागा, फक्त सूपमध्ये मांसाचा स्टॉक नाही ना एवढं विचारा. गाड्यांवर मिळणारं लाम्प्रेदोत्तो म्हणजे गायीच्या पोटाचा भाग, नाव ऐकून घेऊ नका. तिथला पाव अळणी असतो, बिघडलेला नाही. कॉफी उभ्याने प्या, टेबलावर बसलात की दर वाढतो. पत्ता शोधताना एक लक्षात ठेवा, घरांना निळे-काळे नंबर आणि दुकानांना लाल, दोन्ही वेगवेगळे चालतात, त्यामुळे ३० च्या शेजारी ७८ दिसला तर तुम्ही चुकलेले नाही.

गाइड घ्यायचा का? उत्तरेला घ्या, दोन-अडीच तासांचा छोट्या ग्रुपचा, कारण तिथे प्रत्येक दगडामागे राजकारण आहे आणि ते ऐकल्याशिवाय पुतळे नुसते पुतळे वाटतात. दक्षिणेला गरज नाही, गल्लीत फ्रेम बनवणारा किंवा चामडं शिवणारा दार उघडं ठेवून काम करत असतो, तिथे आपल्या वेगाने थांबता येणं हेच महत्त्वाचं.

आणि दीड-दोन दिवस असतील तर मराठी माणसाने तिसरी वाट जरूर धरावी, काशिने पार्कची. कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडहून परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला इथेच वारले, वय जेमतेम वीस. आर्नो आणि मुन्योनेच्या संगमावर त्यांचा अंत्यविधी हिंदू पद्धतीने करू दिला गेला आणि १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली, खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, डोक्यावर पगडी. छत्रीचं डिझाइन चार्ल्स मॅन्टचं, ज्याने पुढे कोल्हापूरचा न्यू पॅलेस केला. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावही ह्या 'इंडियन'वरूनच पडलंय. पार्क तीन-साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि छत्री पार शेवटच्या टोकाला, म्हणून सायकल भाड्याने घ्या किंवा टी १ ट्रामने पार्कपर्यंत जाऊन मग चाला. दिवसाउजेडी जा, संध्याकाळी तो भाग फार सुनसान होतो.