ओम्नीच्या पोटाखाली आठ महिने: पुठ्ठा, क्रीपर, रॅम्प आणि स्टँड

आमची ओम्नी २०११ ची, एलपीजीवाली. रत्नागिरीपासून थोडं आत, पण खारा वारा इथवर येतो आणि गाडीचा पत्रा खालून खातो. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली की वरची कामं होतात, पण ऑइलच्या चेंबरचा नट, गिअरबॉक्स, मागच्या चाकांना फिरवणारा प्रॉपेलर शाफ्ट आणि मागचे पाटे (स्प्रिंगा) यांच्यासाठी खालीच झोपावं लागतं. गेल्या ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावर ठरवलं, या वर्षी गंज खरवडून रेड ऑक्साइड (गंज अडवणारा रंग) मारायचं काम घरीच करायचं. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक रविवारी मी गाडीखाली आहे. आई म्हणते, "तुझं तोंड आठवड्यातून सहाच दिवस दिसतं."

पाठीखाली काय घ्यायचं? सुरुवात अर्थात फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याने. पुठ्ठ्याला नावं ठेवणाऱ्यांनी तो नीट वापरलेला नसतो. पाठ सहज सरकते, सांडलेलं तेल तो पितो, खराब झाला की बंबात. आमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, जांभ्याचं आहे. त्याचे खडे चटईतून टोचतात, जाड पुठ्ठ्यातून टोचत नाहीत. गोणपाट मात्र घेऊ नका, शर्ट त्यात अडकतो आणि आपण तिथेच राहतो. झोपायची फोमची पातळ गादीही वापरून पाहिली. एकदा तेल पडलं आणि संपली.

मग हौसेने क्रीपर मागवला, म्हणजे झोपून गाडीखाली सरकायची फळी, सहा चाकांची, डोक्याला गादी असलेली. अडीच हजार गेले. व्हिडिओत माणूस पायाने ढकलतो आणि गुळगुळीत फरशीवरून आत जातो. जांभ्यावर ती बारकी चाकं पहिल्याच सांध्यात अडकली आणि माझं डोकं पुढे जायचं ते सायलेन्सरवर गेलं. दुसरी अडचण उंचीची. ओम्नीच्या पोटाखाली जागा साधारण १६५ मिमी. क्रीपरची फळी जमिनीपासून दहा सेंटीमीटर वर. उरलेल्या जागेत माझी छाती मावत नाही, आणि मी काही जाड माणूस नाही. म्हणजे क्रीपर वापरायचा तर गाडी आणखी उचला. तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही: घट्ट नट सोडवताना जोर लावला की नट जागेवर आणि आपण मागे. आता त्यावर आई कुंड्या हलवते.

रॅम्प, म्हणजे चाकं वर चढवायचे उतरते ठोकळे, शेजाऱ्यांकडून आणले, प्लॅस्टिकचे. गाडी स्वतःच्या टायरवर उभी राहते, हा त्यांचा मोठा फायदा. खाली झोपल्यावर मन स्वस्थ असतं. पण ओम्नीची मागची चाकं गाडी ढकलतात आणि रॅम्प पुढच्या चाकांखाली, त्यामुळे चढण्याऐवजी रॅम्पच पुढे सरकत जातो. खाली जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा टाकल्यावर जमलं. तरी बायकोने समोर उभं राहून "अजून थोडं, थांबा, थांबा!" करायचं आणि मी क्लच जाळायचा, हे दर रविवारी करण्यासारखं नाही. चाक काढायचं असेल तर रॅम्प बिनकामाचा. नुसतं तेल बदलणाऱ्यांनी मात्र रॅम्पच घ्यावा, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

शेजारच्या काकांचा आग्रह होता की गॅरेजसारखा खड्डाच खणून घे. पावसाळ्यात त्यात बेडूक होतील हा भाग सोडा. एलपीजी हवेपेक्षा जड. कुठे बारीक गळती असली तर गॅस खड्ड्यात साचून राहणार आणि आपण दिवा घेऊन त्यातच उतरणार. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी विषय फणसावर नेला.

शेवटी दोन टनी ट्रॉली जॅक आणि तीन टनी स्टँडच्या दोन जोड्या घेतल्या. सहा महिने हेच चालू आहे आणि हेच राहणार. जॅक फक्त उचलायला, तोलायला स्टँड. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि गाडीसोबत येणारा कात्रीसारखा जॅक चाक बदलण्यापुरताच.

यातही एकदा शिकलो. मागची बाजू उचलत होतो. हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, म्हणून निर्धास्त. ओम्नीत हँडब्रेक आणि गिअर दोन्ही धरतात मागच्याच चाकांना, आणि तीच मी हवेत नेली! खळ्याला पाणी जायला उतार आहेच. गाडी चार बोटं पुढे सरकली, जॅक कलला. मी खाली नव्हतो, इतकंच. आता आधी पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून चिरे लावतो, मगच जॅकला हात. स्टँडवर टेकवल्यावर गाडी खांद्याने जोरात हलवून बघतो आणि स्टेपनी आडवी आत सारून ठेवतो.

जांभा मऊ असल्याने स्टँडचे पाय त्यात रुततात. म्हणून खाली १९ मिमीच्या प्लायचे तुकडे टाकले. राहिलेल्या मोठ्या तुकड्यावर पुठ्ठा अंथरून झोपलो, तेव्हा लक्षात आलं की मी इतके महिने पाठीखाली काय घ्यावं याचाच विचार करत होतो. दुखत होते हात आणि मान. छाती आणि पत्रा यांत दीड-दोन वीत अंतर राहिलं की कोपर वाकतं, पान्हा फिरतो. त्याहून कमी अंतर असेल तर पान्हा फिरत नाही, जास्त असेल तर दहा मिनिटांत हात भरून येतात. मला स्टँडचा तिसरा दाता बरोबर बसतो. मानेखाली जुन्या साडीची घडी, कपाळावर बॅटरी. तारेच्या ब्रशने घासताना गंज सरळ डोळ्यात येतो, त्यामुळे चष्मा लागतोच. बाजूने बंद असलेला घ्या, साध्याच्या फटीतून पूड आत येते.

एक तक्रार माझ्याच कंजूषपणाबद्दल. प्लाय साधा घेतला, मरीन नाही. मेच्या वळवात एक रात्र बाहेर राहिला आणि कडा फुगल्या. स्टँडखालचे तुकडे आताच बदललेत. मागच्या पाट्यांचे बुश पाऊस लागण्याआधी उरकायचे आहेत, तोवर मोठा तुकडा टिकला तर बरं.