कृषी संवादक आणि विस्तार शिक्षक: सभासद कोणत्या संघटनेचं व्हावं?

शेतीविषयी लिहिणं, छापणं, दाखवणं किंवा शिकवणं हा ज्यांचा रोजचा उद्योग आहे, त्यांच्यासमोर आंतरराष्ट्रीय पातळीवर साधारण तीन नावं येतात. पत्रकारांची आयएफएजे, म्हणजे इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ ॲग्रिकल्चरल जर्नलिस्ट्स. विस्तार शिक्षणातल्या, म्हणजे शेतीचं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याच्या शास्त्रातल्या, प्राध्यापक-संशोधकांची एआयएईई, म्हणजे असोसिएशन फॉर इंटरनॅशनल ॲग्रिकल्चरल अँड एक्स्टेंशन एज्युकेशन. आणि विद्यापीठांच्या प्रकाशन व माहिती विभागांत काम करणाऱ्यांची एसीई. हिचं पूर्ण नाव असोसिएशन फॉर कम्युनिकेशन एक्सलन्स असं सुरू होतं आणि शेती, नैसर्गिक संसाधनं वगैरे करत बरंच लांब जातं. मी तिन्हींचा विचार केला आणि एकीत स्थिरावलो. तुमचं काम वेगळ्या धाटणीचं असेल तर तुमची निवडही वेगळी ठरू शकेल.

एआयएईईचं आधी उरकतो. १९८४ साली स्थापन झालेली ही संघटना १९९४ पासून स्वतःचं संशोधन नियतकालिक काढते. शेतकरी नवं तंत्र का अवलंबतात, का अर्ध्यावर सोडतात, कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण कसं असावं, अशा प्रश्नांवर शोधनिबंध लिहिणाऱ्याला इथे आपली माणसं भेटतात. पदोन्नती निबंधांवर अवलंबून असेल तर पुढचं वाचायचीही फारशी गरज नाही. माझ्या हातून मात्र घडीपत्रिका, पुस्तिका आणि छोट्या चित्रफिती तयार होतात. त्यांना गृहीतक आणि संशोधन पद्धतीचा अंगरखा चढवायचा म्हणजे उगाच सोंग.

आयएफएजेने मला बराच काळ मोहात ठेवलं होतं. १९५६ पासूनची ही संघटना खरं तर संघटनांची संघटना आहे. देशोदेशीचे कृषी पत्रकार संघ तिचे घटक, आणि पत्रकार सहसा आपल्या देशातल्या संघामार्फत आत येतो. तो संघ जागा असेल तर उत्तम. तो कागदावरच उरला असेल किंवा तुम्ही पत्रकार की संस्थेचे प्रसिद्धीवाले यावर तिथे काथ्याकूट होणार असेल, तर वाट लांबते. तिचं दरवर्षीचं अधिवेशन वेगवेगळ्या देशांत भरतं: २०२३ ला कॅनडा, २०२४ ला स्वित्झर्लंड, २०२५ ला केनिया. जाऊन आलेली मंडळी भाषणांबद्दल फार बोलत नाहीत, शिवारफेऱ्यांबद्दल बोलतात. परक्या देशातल्या गोठ्यात उभं राहून तिथल्या शेतकऱ्याला थेट प्रश्न विचारता येणं ही पत्रकाराला पर्वणीच. तरुण पत्रकारांसाठी वेगळं प्रशिक्षणही असतं. पण प्रवास जमणारा नसेल, तर या संघटनेतलं बरंचसं गोड तुमच्या ताटात येत नाही, असं मला वाटतं.

आता माझं खरं दुखणं. एका संघटनेच्या स्पर्धेला (नाव घेत नाही, या तिघींपैकी ती नाही) मी बीजप्रक्रियेवरची घडीपत्रिका पाठवली होती. बऱ्याच महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: निवड झाली नाही. का नाही? अक्षर बारीक होतं? औषधाच्या मात्रा एकाच चौकटीत कोंबल्या होत्या? चित्रातल्या माणसाच्या हातात मोजे नव्हते? काही पत्ता नाही. बक्षीस न मिळण्याचं मला काही वाटलं नाही, पण त्या एका ओळीने डोकं फिरलं.

याचं कारण आमच्या धंद्यातच आहे. घडीपत्रिका कळली नाही म्हणून शेतकरी पत्र लिहीत नाही, तो ती घडी करून खिशात ठेवतो आणि विसरतो. सहकारी 'छान झालीय' म्हणतात. साहेब बोधचिन्ह जागेवर आहे ना आणि मान्यवरांची नावं क्रमाने आहेत ना, एवढंच बघतात. तेच काम करणाऱ्या, पण आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाचं परखड मत मिळणं दुर्मीळ.

एसीईच्या वार्षिक स्पर्धेत ते मिळतं. तिथे बक्षिसांच्या जोडीला परीक्षकांची समीक्षा हा उपक्रमाचाच भाग आहे. लेखन, छायाचित्रण, चित्रफिती, प्रकाशनं असे वेगवेगळे गट असतात. माझ्या एका पुस्तिकेवर शेरा आला होता की काय करायचं ते आधी सांगा, का करायचं ते नंतर. त्यानंतर मी प्रत्येक मजकुराचं पहिलं पान तसंच रचतो. सगळे शेरे पटतात असं नाही, काहींवर मी मनातल्या मनात भांडलोही आहे. पण भांडायला समोर काहीतरी आलं तरी.

एसीईला मर्यादा आहेतच. ती १९१३ साली इलिनॉयमध्ये कृषी महाविद्यालयांच्या संपादकांची संघटना म्हणून सुरू झाली. विस्तारकार्याला केंद्राचा पैसा देणारा अमेरिकेचा स्मिथ-लिव्हर कायदा आला १९१४ मध्ये, म्हणजे पत्रकं काढणारी मंडळी त्याच्या वर्षभर आधीच एकत्र आली होती. तो अमेरिकी पिंड अजून कायम आहे. बहुतेक सभासद तिथल्या विद्यापीठांतले, अधिवेशनही सहसा तिथेच, आणि चर्चेत तिथल्या विस्तारव्यवस्थेची माहिती गृहीत धरलेली. बाहेरच्या माणसाला सुरुवातीला थोडं परकं वाटतं. शिवाय तिचं 'जर्नल ऑफ अप्लाइड कम्युनिकेशन्स' कुणालाही मोफत वाचता येतं, तेव्हा केवळ त्यासाठी वर्गणी भरायचं कारण नाही.

बातमीदारी हाच पेशा असेल आणि अधूनमधून परदेशी जाणं जमत असेल, तर आयएफएजेकडे जा, मी अडवणार नाही. संस्थेत बसून शेतकऱ्यांसाठी मजकूर तयार करत असाल, तर माझं झुकतं माप एसीईला. स्पर्धेला काही पाठवायचंच नसेल तर मात्र तिथे पैसे घालवू नका. आणि पाठवणार असाल, तर पहिल्या वर्षी ठेवणीतलं काम पाठवू नका. जे जमलंय की फसलंय हे तुमचं तुम्हालाच ठरवता येत नाही, ते पाठवा.