आठ महिने ‘--रीइन्स्टॉल’ वापरल्यावर

सेलूत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, दोन्ही कॉम्प्युटरवर डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार). जुलैत पीक विम्याची गर्दी असताना ऐन अपडेटमध्ये लाइट गेली आणि इन्व्हर्टरनंही साथ सोडली. लाइट आली, कॉम्प्युटर सुरू झाला, पण प्रिंट निघेना. बाहेर सातबारा हातात घेऊन माणसं उभी.

आधी पॅकेजं (प्रोग्रॅमचे गठ्ठे) बसवणारी कमांड ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवून अर्धवट राहिलेलं काम पुरं केलं. मग ‘अ‍ॅप्ट-गेट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल कप्स’. कप्स म्हणजे प्रिंटचं काम बघणारं पॅकेज, ते यानं पुन्हा बसतं. एरर नाही, पण प्रिंटही नाही. तीनदा केलं. दुरुस्तीवाल्यानं सरळ फॉरमॅट मारायला सांगितलं. मी मारलं नाही, आणि बरं झालं.

‘--रीइन्स्टॉल’ हा पर्याय फक्त आपण नाव घेतलेलं पॅकेज पुन्हा बसवतो. ते ज्या लायब्ररींवर (अनेक प्रोग्रॅम वाटून वापरतात त्या फाइली) चालतं, त्या आधीच बसलेल्या असतील तर त्यांना हात लावत नाही. मी कप्स बसवत होतो आणि खराबी होती कप्सच्या लायब्ररीत. ती सापडली ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’नं. सगळं ठीक असेल तर ही कमांड गप्प राहते. माझ्याकडे एक ओळ आली: प्रश्नचिन्हांची रांग, तिसऱ्या जागी 5, पुढे फाइलचा पत्ता. 5 म्हणजे फाइलची बेरीज (चेकसम, मजकुरावरून काढलेला आकडा) मूळ नोंदीशी जुळत नाही. उघडून पाहिलं तर साइज शून्य. ‘डीपीकेजी -एस’ला (कॅपिटल एस) तो पत्ता दिला, पॅकेज निघालं लिबकप्स2. तेवढंच रीइन्स्टॉल केलं आणि प्रिंटर चालू झाला. ओळीत ‘सी’ दिसला तर ती सेटिंगची फाइल असते. आपणच बदललेली असेल तर घाबरू नका.

लायब्ररी काढून परत टाकायच्या फंदात मात्र पडू नका, तिच्यावर चालणारं सगळंच सोबत जातं.

एकदा हट्टानं ‘अ‍ॅप्ट-कॅश डिपेंड्स’मधून कप्स ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या पॅकेजांची अख्खी यादी काढून सगळी पुन्हा बसवली. डेटा संपला, फायदा शून्य. पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपचं उलटं आहे: ‘--फोर्स-रीइन्स्टॉल’ म्हटलं की तो ते पॅकेज ज्यांच्यावर अवलंबून असतं ते सगळंच नव्यानं बसवतो. एकच हवं असेल तर ‘--नो-डेप्स’ जोडा.

आमच्याकडे नेटचा भरवसा नाही, म्हणून मी ‘अ‍ॅप्ट’ऐवजी ‘अ‍ॅप्ट-गेट’च वापरतो. अ‍ॅप्ट काम झालं की उतरवलेल्या फाइली पुसतो, अ‍ॅप्ट-गेट ठेवतो. ऑक्टोबरात नेट बंद असताना त्याच फाइलींवर दुसरा कॉम्प्युटर उभा राहिला.

एक तक्रार राहतेच. चुकून पुसलेली सेटिंगची फाइल रीइन्स्टॉलनं परत येत नाही, ‘--फोर्स-कॉन्फमिस’ वेगळं द्यावं लागतं. हे कळायला माझे दोन दिवस गेले.