लाँगोनॉट आणि हेल्स गेट: सह्याद्री चढणाऱ्या नाशिककरांसाठी परीक्षण

अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, पांडवलेणी ज्यात कोरली तो डोंगर, सगळा लाव्हाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत तो तयार झाला. पण हा लाव्हा जमिनीच्या भेगांतून वाहिला, म्हणून आपल्याकडे डोक्यावर तोंड उघडलेला शंकूसारखा ज्वालामुखी दिसत नाही. तो बघायचा, आणि जीपच्या खिडकीतून नव्हे तर स्वतःच्या पायांनी चढून बघायचा, तर केनियातल्या नैवाशा सरोवराजवळची लाँगोनॉट आणि हेल्स गेट ही दोन छोटी राष्ट्रीय उद्यानं आमच्या मते आफ्रिकेतली सगळ्यात सोयीची आहेत.

पहिली सूचना पॅकेजबद्दल. नाशिकमध्ये मिळणाऱ्या बहुतेक केनिया सहलींत मसाई मारा हे अभयारण्य मुख्य असतं आणि हेल्स गेट 'अर्धा दिवस' म्हणून चिकटवलेलं असतं. लाँगोनॉट तर नसतंच. प्रत्येक उद्यानाला एक पूर्ण दिवस मागून घ्या आणि मुक्काम दोन्ही रात्री नैवाशाला ठेवा.

दुसरी सूचना महिन्याची, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. तिकडे मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे मुलांची मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळी, दोन्ही अडचणीच्या. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. जून ते सप्टेंबरही चांगला: नाशिकमध्ये पावसाळा चालू असताना तिकडे हवा कोरडी आणि गार असते.

कागदपत्रांत पिवळ्या तापाची लस आधी उरका. ती अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. ते नसेल तर परत आल्यावर मुंबई विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना सुरू केला आहे. तो निघण्याच्या आदल्या रात्री भरायला बसू नका. उद्यानाचं शुल्कही ऑनलाइनच, ई-सिटिझन या सरकारी पोर्टलवर. गेटवर रोख घेत नाहीत. दोन्ही उद्यानांचं तिकीट वेगळं. जुन्या प्रवासवर्णनांतल्या दरांवर बजेट बांधू नका, पोर्टलवरचा ताजा दर धरा.

आता लाँगोनॉट, म्हणजे तो ज्वालामुखी. नैरोबीहून साधारण ६० किलोमीटर. उंची २,७७६ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटरची. इथलं प्रवेशद्वारच त्याहून उंचावर आहे. म्हणून कळसूबाई सहज चढणाऱ्यालाही पहिल्या अर्ध्या तासात धाप लागते. वेग कमी ठेवला की ती बसते. गेटपासून क्रेटरच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या तोंडाच्या, कडेपर्यंत ३.१ किलोमीटर, कडेवरून पूर्ण फेरी ७.२ किलोमीटर, आणि तीच वाट परत. एकूण साडेतेरा किलोमीटरच्या आसपास. पाच ते सहा तास धरा.

अवघड आहे ती उंची नव्हे, पायाखालची जमीन. आपल्याकडे पाय कातळावर किंवा खोदीव पायऱ्यांवर पडतो. इथे वाट ज्वालामुखीच्या राखेची आणि प्युमिस या सच्छिद्र दगडाच्या हलक्या खड्यांची आहे. पावसाच्या पाण्याने तिच्यात खोल नळ्या पडल्यात, कोरड्या दिवसांत ती पिठासारखी उडते. चढताना एक पाऊल टाकलं की अर्धं मागे सरकतं. उतरताना हाच घसारा माणसाला बसवतो. घोट्याच्या वर येणारे बूट, एक काठी आणि नाकावर बांधायला रुमाल एवढं हवंच. शिखराच्या अलीकडचा चढ सगळ्यात तीव्र आहे. गुडघे कुरकुरत असतील तर फेरी सोडून कडेवरूनच परत फिरा. क्रेटरच्या तळाशी गच्च जंगल आहे आणि कुठेकुठे भिंतींतून वाफ निघते, हे सगळं तिथूनही दिसतं. वाटेवर पाणी नाही, सावली जवळजवळ नाही. माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि सकाळी सहाला गेट उघडताच चढायला लागा. विषुववृत्त जवळ आहे. हवा गार लागली तरी ऊन भाजतं.

दुसरा दिवस हेल्स गेटचा. ६८ चौरस किलोमीटरचं हे उद्यान १९८४ सालचं. सिंहांचा कायमचा वावर नसल्याने इथे सायकलवर फिरता येतं. झेब्रा, जिराफ, रानडुकरं वाटेच्या कडेला चरत असतात. गव्यासारख्या आफ्रिकन म्हशींपासून मात्र लांब राहा. एकटा नर दिसला तर थांबा, वळसा घ्या. सायकल एल्सा गेट या उद्यानाच्या प्रवेशद्वाराकडे वळणाऱ्या फाट्यावर भाड्याने मिळते. पैसे देण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा, सीट आपल्या उंचीला लावून घ्या, पंक्चरचं सामान मागून घ्या; बाभळीच्या जातीचे काटे सगळीकडे आहेत. गेटजवळच फिशर्स टॉवर हा सुमारे २५ मीटरचा सुळका आहे, ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला दगड. पुढे कड्यांवर गिधाडांची घरटी, दुर्बीण न्याच.

हेल्स गेटमधल्या घळीबद्दल स्पष्टच लिहितो. ती सुंदर आहे: अरुंद भिंती, गुळगुळीत झालेले थर, फटींतून ठिबकणारं गरम पाणी, ज्यात बोट घातलं तर पोळतं. पण वरच्या भागात, नजरेआड पाऊस पडला तरी पाणी एकदम उतरतं. २०१२ आणि २०१९ मध्ये प्रत्येकी सात माणसं इथेच वाहून गेली. आकाश भरून आलं असेल, किंवा रेंजर नको म्हणाला, तर आत पाऊल टाकू नका. स्थानिक वाटाड्याशिवाय तर नाहीच.

जेवणाची काळजी शाकाहाऱ्यांनी फार करू नये. नैवाशाच्या साध्या हॉटेलांत चपाती आणि न्डेंगू मिळतं, म्हणजे अख्ख्या हिरव्या मुगाची उसळच. चिवडा नेणार असाल तर स्टीलच्या डब्यात: केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, आणि २०२० पासून उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत.

हेल्स गेटच्या ओल्कारिया बाजूला भूऔष्णिक वीजकेंद्रं आहेत. वाफेचे जाड नळ आणि गंधकाचा वास काहींना खटकतो. आम्हाला तो भाग चुकवू नये असं वाटतं, कारण खालची उष्णता अजून जिवंत आहे हे तिथे समजतं. तिथल्या गरम पाण्याच्या तलावात उतरणार असाल तर चांदीच्या साखळ्या-अंगठ्या आधी काढून ठेवा, काळ्या पडतात.