छायाचित्रांच्या कॉपीराइटसाठी नौपाड्यातील सल्लासेवा : एक अनुभव

ऐरोलीच्या खाडीत टिपलेले फ्लेमिंगोंचे माझे छायाचित्र, कोपऱ्यातील नाव कापून, एका गृहप्रकल्पाच्या जाहिरातफलकावर झळकलेले पाहिले, तेव्हा नौपाड्यातील एका सल्लागार कार्यालयाची पायरी चढलो. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून जशीच्या तशी आलेली, संपादन न केलेली प्रत) जपली आहे का, हा वकीलबाईंचा पहिला प्रश्न होता, आणि तिथेच विश्वास बसला.

नोटिशीचे काम चोख झाले. श्रेय मागण्याचा छायाचित्रकाराचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे कॉपीराइट विकल्यानंतरही उरतो, हा मुद्दा नोटिशीत नेमका मांडला होता. फलक उतरला, मागितलेल्या रकमेपैकी निम्मी मिळाली.

नोंदणीबाबत मात्र माझी तक्रार आहे. १९५७ च्या याच कायद्यानुसार छायाचित्र काढताच कॉपीराइट निर्माण होतो आणि नोंदणी सक्तीची नसते. नोंदवहीतील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा (उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य) मानली जाते, एवढाच तिचा लाभ. हे मला पैसे भरून झाल्यावर कळले. सरकारी शुल्क एका कलाकृतीमागे ५०० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि त्यानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. या कार्यालयाची फी त्या शुल्काच्या कितीतरी पट होती. एका हंगामात हजारो फोटो काढणाऱ्याला हे परवडणारे नाही.

पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते करारनाम्यामुळे. मी लग्नांची कामेही घेतो, आणि मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, काम देणाराच असतो, हे कलम १७ मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते. (आमच्या धंद्यात करार म्हणजे आगाऊ रकमेची पावती!) त्यांनी करून दिलेल्या दोन पानी मराठी मसुद्यात मालकी माझ्याकडे राहते, तर कुटुंबाला छपाईची आणि समाजमाध्यमांवर टाकण्याची मोकळीक मिळते. हक्क लेखी हस्तांतरित करताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षे आणि क्षेत्र लिहिले नाही तर ते भारतापुरते धरले जाते, हेही त्यांनी समजावले. त्यामुळे आता जाहिरातदारांशी होणाऱ्या करारात या दोन्ही ओळी कोऱ्या सोडत नाही.

शनिवारी तिथे फार खोळंबा होतो आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. करारनाम्यासाठी अवश्य जावे. नोंदणीचा अर्ज घरूनच भरावा.